पहिलं वाचन

साठ वाचनांत एकही वेडंवाकडं नाही? लग्नाच्या पंगतीतसुद्धा एखादा रुसतोच. मला तिथेच शंका आली.

१९७४ साल. बेहाला उपनगरातल्या आमच्या कारखान्यात अणुवीजकेंद्राच्या वाफेच्या नळांना धरणारे पोलादी आधार बनत. श्यामकाका जॅकने आधारावर भार चढवून तो किती ताणला जातो ते मापकाच्या काट्यावर वाचून टिपत. मी ते आकडे कार्डांवर पंच करून संगणकाला देई आणि भूकंपात आधार टिकेल का, ते त्यावरून काढी. संगणकाचं उत्तर आलं होतं: टिकेल, अगदी आरामात.

काका शनिवारी निवृत्त होणार होते. साहेबांनी वर्षभराची मुदतवाढ जवळजवळ कबूल केली होती आणि काका त्या आशेवर होते. शिवाय 'मुलगी कशाला कारखान्यात?' असं साहेब म्हणाले, तेव्हा माझी बाजू घेणारे तेच. तरी मी वाचनांचा कागद घेऊन काकांकडे गेले.

"काका, वाचन एकदाच घेता ना?"

"काटा भलतीकडे गेला की भार उतरवून पुन्हा चढवतो. दुसऱ्यांदा सरळ येतो. तीस वर्षं असंच करतोय, अगं."

"भूकंप तालीम करून येत नाही, काका."

 काकांनी खणातून डायरी काढली. पहिली वाचनं त्यांनी फेकली नव्हती. भलती वाचनं अकरा निघाली, सगळी एकाच सांध्याची.

ती घालून नवी कार्डं पंच केली. संगणकाची पाळी यायला तीन दिवस गेले. या वेळी उत्तर आलं: तो सांधा तुटेल. कापून पाहिला तर आतून पोकळ. तयार आधार पाठवणं थांबवलं.

अहवालात मी नुसतं 'नोंदींतील त्रुटी' लिहिलं. काकांनी वाचलं, पेन मागितलं आणि खाली लिहिलं, 'दुसरी वाचनं मी दिली.' खाली सही केली. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. मुदतवाढीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

शनिवारी नव्या आधाराची चाचणी होती. काटा एकदम उडाला. काकांचा हात सवयीने जॅककडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खिशात गेला.

"लिही," ते म्हणाले. "दिसतंय तेच लिही."