सतराशे अठ्ठ्याण्णवचं लोणी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी स्वतः तिथे नसतो, तर माझाही बसला नसता.

मी एक जुना लाकडी डेरा आहे. वेक्सफर्ड परगण्यातल्या फर्लाँग घराण्याकडे मी पिढ्यान्‌पिढ्या लोणी काढलं. ओकच्या फळ्या, लोखंडी कडी आणि झाकणातून वर आलेला दांडा, असा माझा थाट.

सतराशे अठ्ठ्याण्णव साली आमच्याकडे इंग्रजांविरुद्ध बंड झालं. टेकडीवरची लढाई हरून नॅन्स फर्लाँगचा लेक लार भाल्यासकट घरी पळत आला. मागोमाग इंग्रजांचे शिपाई! सापडला तर लार फासावर आणि घराला आग. नॅन्सनं लारला मागच्या खोलीत ढकललं, भाल्याची काठी चुलीत सारली आणि पातं टाकलं माझ्या पोटात, सायीखाली.

दारात सॅमी हॅटन उभा. शिपाई खरा, पण पलीकडच्याच शेतातला. आमच्याकडे रीत अशी, की घुसळण चालू असताना जो येईल त्यानं दांडा धरायचा आणि लोणी येईपर्यंत हलायचं नाही. नाहीतर घरातलं लोणी त्याच्या पावलांनी निघून जातं.

"मावशी, लार कुठाय?"

"शिपाई असशील तुझ्या कप्तानाचा! आधी दांडा धर. का माझं लोणी पळवायला आलायस?"

सॅमी ओशाळला. बंदूक भिंतीला टेकवून घुसळू लागला. खण्‌ण!

"आत काय वाजतंय?"

माझ्या फळ्या सुटायच्याच बाकी होत्या.

"लोखंड. चेटकिणीनं लोणी चोरू नये म्हणून. तुझी आई नाही घालत?"

"घालते, पण घोड्याचा नाल."

"आमच्याकडे घोडा कुठून आला रे, मेल्या?"

सॅमी हसला आणि तासभर घुसळत राहिला. तोवर लार मागच्या खिडकीतून दलदलीपार झाला होता! बाहेर कर्णा वाजला. सॅमी टोपीभर लोणी घेऊन पळाला आणि नॅन्स जमिनीवर बसून रडता रडता हसली. तसा मोकळा श्वास मी पुन्हा ऐकला नाही.

पुढे यंत्र आलं. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, मग छत्र्या आल्या. तक्रार नाही. पण मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. मला पुसा, उन्हात टाकू नका. आणि हो, उलटं करून माझं बूड बघायची तर मुळीच गरज नाही...

"अय्या!" ऐकणाऱ्या पोरांतली धाकटी उना मला उलटं करून ओरडली. "डेरेबुवा, इथं तर 'अठराशे एकतीस साली घडवला' असं कोरलंय!"