निळ्या ड्रमवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. माझी गोष्ट ऐकायला बसलात, बरं वाटलं. पण आधी एक सांगा, तुम्हांला कुणी पाठवलं तर नाही ना? राग मानू नका. आजवर जो जो माझ्याजवळ आला, तो मला हुंगायलाच आला. त्यामुळे मीही आता येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी हुंगून घेतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात फुगलं आणि मी झालो. धड थंडही झालो नव्हतो, तोच कुणीतरी माझ्या पोटात काहीतरी ओतलं, बूच घट्ट आवळलं आणि अंगावर कागद चिकटवला. त्या कागदावर कवटी होती. पोटात काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारणार कसा? तोंडच बंद.

पुढे बंदराजवळच्या एका भंगारवाल्याकडे मी रिकामा पडून होतो. तिथून एरिझोनने मला उचललं. एरिझोन म्हणजे आमच्या घरचा जावई. सुमात्राच्या डोंगरात, अगदी वर, आमचं तळं आहे. त्याच्या काठी त्याच्या बायकोचं, युलिस्माचं घर. आमच्याकडे घर बाईचं असतं, लग्न झालं की नवरा तिच्या घरी राहायला येतो. घरात शब्द चालतो तो बायकोच्या मामाचा. जावई म्हणजे ओंडक्यावरची राख, असं आमच्याकडे म्हणतात. वारा आला की गेली.

एरिझोनने मला राखेने घासलं, चुन्याने घासलं. कागद निघाला, पण कवटीच्या आकाराचा फिकट डाग काही गेला नाही. तेवढ्यात युलिस्माचे सावीर मामा आले. माझ्याभोवती एक फेरी मारली, बुचाला नाक लावलं आणि मला म्हणाले, "रंग छान आहे हो तुझा. काय काय वाहिलं असशील बिचाऱ्या!"

हे बोलणं मला नव्हतंच. आमच्याकडे जावयाला तोंडावर काही बोलत नाहीत, ते वाईट दिसतं. त्याला सुनवायचं असेल तर मांजराला सुनवायचं, चुलीला सुनवायचं. लेकी बोले सुने लागे. त्या दिवसापासून मामांचं मांजर मीच झालो.

मला माशांच्या तरंगत्या पिंजऱ्याखाली बांधलं. माझ्यासारखे बरेच होते, पण कोपऱ्याला मी एकटा. अर्धा पाण्यात, अर्धा उन्हात. खाली जाळीत चिलापी मासे गर्दीने फिरायचे, वर बांबूच्या फळ्यांवर माणसं चालायची. एका वादळात शेजारचा दोर तुटला, तेव्हा सगळा भार मी एकट्याने पेलला. युलिस्माची आई रोस्मा पावसात भिजत आली, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "निळ्याने कोपरा धरला ग बाई!" मित्रांनो, एवढं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही. तेव्हाही मनात आलंच, हिला माझ्याकडून काय हवं असेल?

माशांना खाद्य घालायचं काम मामांचं. ते सुपाने दाणे उधळायचे. मासे पोट भरून खाली गेले तरी उधळतच राहायचे. एकदा एरिझोन हळूच म्हणाला, "मामा, आता कुणी खात नाही." मामांनी हातातल्या सुपाला विचारलं, "काय रे सुपा, पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं तर अब्रू कुणाची जाते? जावयाची की घराची?"

आमच्या तळ्याकाठी हीच रीत आहे. पाहुण्याच्या ताटात भात उरला पाहिजे, नाहीतर यजमान कंजूष ठरतो. गावाने मासेसुद्धा पाहुण्यांसारखे वाढवले. सगळ्याच पिंजऱ्यांवर तोच थाट. कुणाचं सूप लहान आहे ते शेजारचा बघायचा, म्हणून शेजारीही सूप भरून घ्यायचा.

माझी मात्र कुणी निगा राखली नाही. उन्हाने पाठ करपली, कुशीला हातभर चीर गेली आणि एका दुपारी मी गटांगळी खाल्ली. माझा लांब दोर पिंजऱ्यालाच बांधलेला होता. ओढून वर घेता आलं असतं, पण एरिझोनने माझ्या जागी दुसरा ड्रम लावला आणि माझा नाद सोडून दिला. मी तळाला जाऊन पडलो.

काय सांगू तुम्हांला तिथलं! मी दगडगोट्यांवर पडेन असं वाटलं होतं. पडलो तो काळ्या रेंद्यात. आजूबाजूला छोट्या शिंपल्यांची टरफलं, सगळी उघडी, आत कुणी नाही. आणि वरून पाऊस. पाण्यात कसला पाऊस, म्हणून दचकलो, तर ते दाणे होते. सकाळी यायचे, दुपारी यायचे, माझ्या अंगावर साचायचे, कुजायचे. कोण पाठवतंय हे मला? आणि कशासाठी? रेंदा माझ्या चिरेतून आत शिरला. त्यातून बुडबुडे निघत, सडक्या अंड्यांसारखा वास येई. वाटलं, हा वास माझ्याच पोटातला. कवटी काही उगाच चिकटवली नव्हती कारखान्याने. मित्रांनो, सगळ्या जगावर संशय घेणं सोपं असतं हो. स्वतःवर आला की जीव थाऱ्यावर राहत नाही.

मग डोंगरावरून गार वारा सुटला. दिवसभर वाहत राहिला. संध्याकाळी माझ्याखालचं पाणी हललं. तळाचं पाणी कधी हलत नाही, पण त्या संध्याकाळी ते उठून उभं राहिलं. वरचं गार पाणी खाली घुसलं आणि रेंदा, बुडबुडे, तो वास, सगळं वर निघालं. मी लोळलो. वर जाळीत तडफड चालल्याचं मला दोरातून कळत होतं.

सकाळी आमच्या काठच्या सगळ्या पिंजऱ्यांतले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

पुढचं मी नंतर ऐकलं, खरं-खोटं घरचे जाणोत. गावात एकच बोलणं, विष घातलं. कुणी? वाऱ्याच्या संध्याकाळी एरिझोन होडी घेऊन पलीकडच्या काठी, आपल्या आईकडे गेला होता. त्या काठावर पिंजरे थोडे, आणि तिथला एकही मासा मेला नव्हता. मामा ओसरीवर बसून कॉफीच्या पेल्याला म्हणाले, "वारा मोठा जाणता हो! ह्या काठचे मारतो, त्या काठचे राखतो." मग जराशाने, "आणि तो कवटीवाला ड्रम कुठे गेला म्हणायचा?"

रोस्माने एरिझोनच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवलं. आमच्याकडे ह्याचा अर्थ तान्हं पोरसुद्धा जाणतं. राख उडाली. युलिस्माला तेव्हा सातवा महिना होता.

ती पायरीवर गाठोड्याशेजारी बसली. "अहो, खरं सांगा. तुम्ही काही केलंत का?"

"मी नाही केलं," एरिझोन म्हणाला. "पण ड्रम मीच आणला ना. घासला, तरी नीट गेलं असेल का? त्याच्यात काहीतरी राहिलं असेल, युलिस्मा. मीच मारले असतील सगळे."

"मग काढू या त्याला वर," ती म्हणाली. "असं कुढत बसून काय होणार?"

मामांनाही तेच हवं होतं, पण वेगळ्या कारणासाठी. साऱ्या गावासमोर पुरावा! होड्या जमल्या, दोर ओढला आणि मी कितीतरी दिवसांनी उजेडात आलो. मामांनी नाकाला फडकं लावलं आणि मला म्हणाले, "बोल बाबा निळ्या, पोटात काय लपवलंयस ते आज सगळ्यांसमोर बोल."

मला आडवं केलं. चिरेतून काळा रेंदा फळ्यांवर घळघळ सांडला. वास सुटला आणि होड्यांमधल्या माणसांनी नाकं दाबली. त्या सकाळचाच वास होता तो.

"बघा!" मामा म्हणाले. एरिझोनने मान खाली घातली. मीही घातली असती, मला मान असती तर.

पोटुशी युलिस्मा कशीबशी गुडघ्यांवर बसली आणि तिने रेंद्यात हात घातला. "मामा, हे दाणे आहेत. आपल्या खाद्याचे. विषात दाणे कुठून आले?"

"विष दाण्यांतच कालवतात," मामा म्हणाले. त्यांचा संशय इतका सहज हटणारा नव्हता. "पिंजऱ्याच्या त्या टोकाला बादली सोडा. ड्रमपासून लांब. तिथे स्वच्छ निघालं की झालंच सिद्ध."

बादली सोडली. वर आली ती काळी, तोच वास, तेच दाणे. मामा स्वतः शेजारच्या पिंजऱ्यावर गेले, तिथे सोडली. तेच. त्याच्या पलीकडे, तेच. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दर वेळी ते बादलीत नाक घालत, जणू ह्या खेपेला तरी ती त्यांची बाजू घेईल.

"आता जिथे पिंजरा नाही तिथे सोडा," युलिस्मा म्हणाली.

एरिझोनने होडी शेवटच्या पिंजऱ्यापलीकडे वल्हवत नेली. बादली वर आली. तिच्यात वाळू होती, गोटे होते, आणि नखाएवढे शिंपले, जिवंत, तोंडं मिटून घेत होते. रोस्माने एक तळहातावर घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे आपल्या अंगणाखालीच मिळायचे. आई टोपलीभर उकडायची. मला वाटलं, कुणी चोरून नेले."

होड्यांमध्ये कुणी कुणाकडे बघेना. सगळ्यांच्या घरी सुपं होती.

संध्याकाळी मला आणून जिन्याशी ठेवलं, बरोबर त्या गाठोड्याशेजारी. मामा आले. एरिझोन ओसरीवर उभा होता. मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी माझ्या कवटीच्या डागावर हात ठेवला.

"निळ्या," ते म्हणाले, "तुझ्यावर उगाच आळ घेतला रे. तुझ्या पोटात जे निघालं ते माझ्या सुपातलं होतं. म्हातारा आहे, चुकलो. राग धरून निघून जाऊ नकोस. ह्या घराला तुझी गरज आहे."

वर ओसरीवर एरिझोनने खांबाला टेकून डोळे पुसले. रोस्मा खाली आली आणि गाठोडं उचलून आत घेऊन गेली. मला उचललं नाही कुणी, पण मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्याशी असं कुणीच कधी बोललं नव्हतं, भले ते मला उद्देशून नसेल!

आता मी अर्धा कापलेला, पायरीपाशी मिरचीची रोपं सांभाळत उभा आहे. ही माती कुठून आणली, ह्याची चौकशी मी अजून करतो आहे. तळ्यात पिंजरे आता थोडे आहेत, काठालगतचा एक तुकडा मोकळा सोडलाय. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. पाण्यात टाकलेलं आणि नजरेआड झालेलं संपलं, असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर खुशाल संशय घ्या. ते संपत नाही. खाली बसून वाऱ्याची वाट बघतं.

मामा अजून खाद्य घालायला जातात, पण सूप नेत नाहीत. युलिस्माची छोटी त्यांच्या कडेवर असते. ते चिमूटभर दाणे टाकतात आणि शेवटचा दाणा माशाच्या तोंडात जाईपर्यंत थांबतात. मग मूठ उघडतात आणि उरलेल्या दाण्यांकडे त्याच संशयी नजरेने बघतात, ज्या नजरेने त्यांनी पहिल्या दिवशी मला पाहिलं होतं.