पेटीवर नसलेले नाव

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. समुद्रकाठच्या ब्रेस्त शहरातल्या एका चार मजली इमारतीत, जिन्याखालच्या भिंतीवर आम्ही बारा पेट्या ओळीने बसवलेल्या आहोत. त्यातली सातवी मी. माझी गोष्ट सांगताना माझी मान खाली जाते, पण सांगितल्याशिवाय मन हलके व्हायचे नाही.

पन्नास वर्षांपूर्वी एका कारखान्यात मला पत्र्यातून कापले, वाकवले आणि राखाडी रंग दिला. दारावर नावाच्या पाटीसाठी एक चौकट ठेवली. आमच्याकडे नुसता पत्ता बरोबर असून भागत नाही. पेटीवर नाव नसेल तर पत्र आल्या वाटेने परत जाते. त्या चौकटीत जे लिहिलेले असते तेवढेच मला बोलता येते. पंचेचाळीस वर्षे मी इमानाने काम केले. खाऱ्या वाऱ्याने शेजारची आठवी गंजून गेली, माझे कुलूप मात्र कधी अडकले नाही. टपालवाली सोआझिग मला थोपटून म्हणायची, "या सगळ्यांत शहाणी तूच." ते ऐकून मी भलतीच फुशारले होते.

मग तिसऱ्या मजल्यावर ओदिलाँ बेरुबे आणि त्याची बायको वुआंगी राहायला आली. ओदिलाँ कॅनडातल्या क्वेबेकचा. इथे समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करायला चार वर्षांच्या नेमणुकीवर आला होता. वुआंगी मूळची मादागास्करची. क्वेबेकच्या थंडीत म्हाताऱ्या माणसांची सेवा करून तिने तिथे कायम राहण्याचा हक्क मिळवला होता. नागरिकत्व मिळण्याआधीच तिला नवऱ्याबरोबर इकडे यावे लागले. तो हक्क टिकवायचा तर दर पाच वर्षांत दोन वर्षे कॅनडात काढावी लागतात. मात्र नवरा तिथला नागरिक असेल आणि बायको परदेशात त्याच्यासोबत राहत असेल, तर तेही दिवस धरतात. दोघे एकत्र राहतात, एवढे दाखवावे लागते.

क्वेबेकमध्ये लग्नानंतरही बायकांचे माहेरचे आडनाव कायम राहते. तिचे होते रावेलुमानान्त्सुआ. पहिल्याच आठवड्यात ओदिलाँने किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानातून आपल्या नावाची पाटी कोरून आणली. तिचे नाव तीत मावेना.

"अगं, तुझ्या आडनावाला पाटी नाही, फळी लागेल," तो हसत म्हणाला.

"मग फळी आण. पण नाव लाव."

"शनिवारी नक्की."

तिने वाट पाहिली, आणि शेवटी कागदावर स्वतःच नाव लिहून मला चिकटवले. महिन्याभरात सूचना लागली की पेट्यांवर कागद चालणार नाहीत. तो कागद ओदिलाँनेच नखाने खरवडून काढला. "शनिवारी दोन ओळींची पाटी आणतो," म्हणाला. त्या शनिवारी दुकान बंद निघाले, पुढच्या शनिवारी पाहुणे आले. विजेचे बिल, भाड्याची पावती, फोन, सगळे त्याच्याच नावावर येत राहिले. सोआझिग दोघांना ओळखत होती, म्हणून वुआंगीची पत्रे बिनबोभाट माझ्यात पडत. त्यामुळे कुणाचेच काही अडले नाही, आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

चौथ्या वर्षी नेमणूक संपत आली. वुआंगीच्या कायम राहण्याच्या हक्काच्या कार्डाची मुदतही संपली होती, म्हणून तिने कॅनडात परत जाण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. ऑगस्टमध्ये सोआझिग सुट्टीवर गेली आणि तिच्या जागी बदली टपालवाला आला. त्याच्या हातात कॅनडाच्या कचेरीचे पत्र होते, वुआंगीच्या नावाचे. त्याने माझी चौकट दोनदा वाचली. त्या वेळी माझ्या पोटात तिच्या आईने पाठवलेले पत्र पडून होते! पण मी सांगितले एकच नाव, बेरुबे. त्याने 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' असा शिक्का मारला आणि पत्र परत नेले. त्या क्षणाची आठवण आली की आजही मला गंजून जावेसे वाटते.

ऑक्टोबरात कचेरीची ईमेल आली. पत्र परत आले आहे. नवऱ्यासोबत राहता याचा पुरावा तीस दिवसांत द्या, नाहीतर हक्क जाईल. वुआंगी तरातरा खाली आली. मागून ओदिलाँ.

"चार वर्षं तुझे मोजे मी धुतेय, आणि मी म्हणे इथं राहतच नाही!"

"वुआंगी, ऐक ना..."

"तू काय, पासपोर्ट दाखवशील नि घरी जाशील. मी तुझ्या दारात पाहुणी म्हणून येऊ?"

ओदिलाँचे कान लाल झाले. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला तोंड लपवायला जागा नव्हती आणि मलाही.

तेवढ्यात सोआझिग टपाल घेऊन आली. ऐकून तिचाही चेहरा पडला. "शिक्का आमचाच गं," ती म्हणाली. मग एकदम थांबली. "माझी कॅलेंडरं ठेवलीस का?"

आमच्याकडे वर्षअखेरीला टपालवाले घरोघर कॅलेंडर विकतात. वुआंगीने इथल्या तिन्ही डिसेंबरांत ते घेतले होते. ती स्वयंपाकघरातून तिन्ही घेऊन आली आणि जिन्यावर बसून तिघेही ती चाळू लागले. चौकोनाचौकोनात दोघांचे हस्ताक्षर होते. त्याचा दातांचा डॉक्टर, तिचा शिवणाचा वर्ग, मासे आण, कचरा तुझा. आणि जवळजवळ प्रत्येक शनिवारी तिच्या अक्षरात एकच शब्द: 'पाटी'. त्याखाली त्याच्या अक्षरात: 'पुढच्या शनिवारी'.

"हे पाठवायचं?" ओदिलाँ पुटपुटला. "सगळ्या कचेरीला कळेल, मी कसा नवरा आहे ते."

"कळू दे," वुआंगी म्हणाली. "नवरा आहेस, एवढं तरी कळेल."

पाने पाठवली. "दर डिसेंबरात मी या दोघांच्या टेबलावर कॉफी प्यायले," असे सोआझिगने लिहून सही करून दिले. आणि ओदिलाँ दुपारीच कामावरून उठून दोन ओळींची पाटी घेऊन आला. वर तिचे नाव होते. तो मंगळवार होता.

डिसेंबरात पाकीट आले. वुआंगीने ते माझ्यासमोरच फोडले, वाचले, आणि माझ्या दाराला कपाळ टेकवून रडली. हक्क टिकला होता. मित्रांनो, तिने मला माफ केले असेल, पण मी स्वतःला केलेले नाही. जानेवारीत जाताना ती पाटी काढून पर्समध्ये घालून घेऊन गेली.

मित्रांनो, तुमच्या दारावरची पाटी एकदा नीट वाचा. घरात राबणाऱ्या कुणाचे नाव तिच्यावर नसेल, तर ते आजच लावा. सगळे आपल्याला ओळखतात, या भरवशावर राहू नका.

परवा तिसऱ्या मजल्यावर नवे बिऱ्हाड आले. त्या माणसाने माझ्या चौकटीत पाटी बसवली. एकच नाव. खोकी घेऊन जिना चढणाऱ्या त्याच्या बायकोने वळून विचारले, "आणि माझं?"

"लावू गं," तो म्हणाला. "शनिवारी."