एक जूनची पोरगी

"दम खायला बी सवड देत न्हाईत मॅडम, पर लई मज्जा येती सर!" नळाला तोंड लावून संघप्रिया म्हणाली आणि तशीच मैदानाकडं पळाली. आकाराम सरांचं तोंड कडू झालं.

शाळा सुटल्यावर पोरांना खो-खो शिकवायची खोड त्यांचीच. महानगरपालिकेच्या शाळेत चौदा वर्षं त्यांनी हे फुकट केलं, शाबासकीचा एक शब्दही कुणी दिला नाही. मुलींत एकटी संघप्रिया यायची, तीही आईची नजर चुकवून. आणि यंदा, २००२ च्या जुलैत, एका संस्थेनं पाठवलेली दीप्ती मॅडम आली काय, दोन महिन्यांत तीस मुली मैदानात!

ती वस्तीत घरोघरी हिंडली होती. संघप्रियाच्या आईच्या, यल्लव्वाच्या उंबऱ्यावर बसून, चहा पिऊन म्हणाली होती, "दिवस मावळायच्या आत पोरगी दारात आणून सोडते, मावशी." यल्लव्वा तेवढ्यावर कबूल झाली. सरांनी हेच शाळेच्या फाटकातून विचारलं होतं, तेव्हा यल्लव्वा म्हणाली होती, "घरातलं कोण बघायचं, सर?" सरांचा जळफळाट होत होता. त्या उंबऱ्यापर्यंत आपण कधी गेलोच नाही, हे मात्र त्यांना आठवायचं नव्हतं.

डिसेंबरच्या स्पर्धेसाठी मॅडमनं संघाची यादी आणली. "सर, जन्मतारखा तेवढ्या रजिस्टरवरनं घाला की. बारा वर्षांच्या आतल्या पायजेत."

सरांनी रजिस्टर उघडलं. संघप्रिया, एक जून १९९०. अक्षर त्यांचंच. १९९६ साली पहिलीत नावं घालताना निम्म्या वर्गाला त्यांनी एक जूनलाच जन्माला घातलं होतं. यल्लव्वा म्हणाली होती, "संक्रांतीला पाच झाली, सहावं चाललंय." घाईत सरांनी सहा पुरी धरून टाकली. खरं तर पोरगी सात महिन्यांनी लहान होती, डिसेंबरात बारा पुरी होत नव्हती, स्पर्धेत बसत होती. चूक माझी, एवढं हेडमास्तरांना लिहून दिलं असतं तर तारीख सुधारली असती. अजून पंधरा दिवस हातात होते.

"बसत न्हाई ही," सर म्हणाले आणि लाल पेनानं नाव खोडलं. "बारा उलटून गेली."

"अवो सर, माझी सगळ्यात चपळ पोरगी हाय ती!"

"रजिस्टर काय खोटं बोलतंय व्हय?"

मॅडमचा उतरलेला चेहरा बघून त्यांना बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडम निवडलेल्या बारा मुलींना घेऊन मोठ्या मैदानावर गेली. सर शाळेच्या अंगणात पांढऱ्या फक्कीनं रेषा आखत होते. मागं पावलं वाजली. संघप्रिया होती, अनवाणी. संस्थेचे बूट तिनं परत केले होते.

"मॅडमच्यात न्हाई आता मी," ती म्हणाली. "तुमच्याकडं येऊ पळायला?"

सरांनी फक्कीचा डबा खाली ठेवला.

"आई म्हणत हुती तारीख चुकलीया, तिला मीच सांगितलं, सरांनी बरोबर बघून लिवलं असंल," ती म्हणाली आणि रेषेवर जाऊन वाकली. "शिट्टी मारा की, सर."

सरांनी शिट्टी तोंडात धरली. फुंकायला श्वासच येईना. पोरगी तशीच वाकून वाट बघत राहिली.