पिठाच्या डब्याखालचे दिवस

टक्! सामसूम दुपारी भिंतीवरचं बटण दाबल्याचा एवढासा आवाज झाला आणि माझा हिरवा दिवा लागला. शेतातून धापा टाकत आलेल्या दामिनीने लेकीला पाटावर बसवलं, मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि पदरानेच घाम पुसला. तासाभरात तिला पुन्हा रानात जायचं होतं.

मित्रांनो, मी या घरातला एक जुना राउटर आहे. तारेतून आलेलं इंटरनेट घरभर वाटायचं, एवढंच माझं काम. कारखान्याची आठवण मला फारशी नाही. आदिलाबादच्या दुकानातून पिशवीत बसून मी आलो, तो या खोलीतल्या फळीवर चढलो. आमचं गाव नार्नूरच्या पलीकडे, डोंगराच्या बगलेत आहे. इथे मोबाइलची रेंज हवी तर शाळेची गच्ची गाठावी लागते. त्यामुळे मला भारी मान. माझा एक अँटेना मोडला तेव्हा दामिनीने तो लाल दोऱ्याने बांधला, जणू पोराचा हातच मोडला होता.

तिची लेक रुपा चार वर्षांची. तिला कमी ऐकू येतं हे घरच्यांना उशिरा कळलं. दवाखान्यात कानामागे लावायची मशीन मिळाली, पण ऐकू आलं म्हणजे बोलता आलं असं नसतं. ते शिकवावं लागतं. तिथल्या शिकवणाऱ्या बाई तेलुगू बोलायच्या, आमच्या घरी मराठी. डॉक्टर म्हणाले, आधी घरची भाषा पक्की होऊ द्या. तेव्हा नागपूरच्या तेजस्विनीताई मिळाल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या पडद्यावर यायच्या. "हेच वय आहे दामिनी," त्यांनी बजावलं होतं, "आता निसटलं तर पुढे फार जड जाईल."

आणि इथेच माझी मान खाली जायची. गावात तार एकाच माणसाची, भगवानरावांची. टीव्हीची तारही त्यांनीच आणली होती. त्यांच्या तारेतून मला घोटभर नेट यायचं. ताई बोलता बोलता थिजायच्या, ओठ अर्धे उघडे राहायचे. रुपाला वाटलं, बोलणं असंच असतं! 'पाणी' म्हणताना ती 'पा' म्हणायची आणि तोंड उघडं ठेवून पुतळ्यासारखी थांबायची. दामिनी तिची हनुवटी धरून म्हणायची, "पुढं बोल नं माय." पोर हसायची, पण हलायची नाही.

दामिनी भगवानरावांकडे गेली. "काका, चित्र थिजून राह्यलं जी. पोरीचा वर्ग असते."

"थिजते तं थिजू दे. टीव्ही दिसून राह्यला नं? नाही पटत तं तार कापून टाकतो. दुसरा कोन देते तुमाले?"

दुसरा कुणी नव्हताच. ती परत आली.

मग वारं फिरलं. सरकारची काचेची तार, म्हणजे फायबर, पंचायतीपर्यंत कधीची आली होती आणि कुलपाच्या खोलीत धूळ खात पडली होती. एके दिवशी ग्रामसभेत सरकारी साहेबांनी तेलुगूत सांगितलं, सरपंचांनी मराठीत उलगडलं: ही तार कुणा एकाची नाही. ज्याला घरोघरी जोडण्या द्यायच्या असतील, त्याने तिच्यावरून द्याव्यात. एकापेक्षा जास्त जण आले की दर उतरतील आणि गरिबाच्या घरीही नेट पोचेल, असं धोरण आहे.

दामिनीच्या सासूबाई, कुसुमबाई, बायकांत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "समजलं व. एकच दुकान असलं का गिऱ्हाईक हात जोडते, दोन झाले का दुकानदार!" सगळी सभा हसली. मागे उभे असलेले भगवानराव तेवढे हसले नाहीत.

महिन्याभरात नवी कंपनी आली. दर निम्म्याने कमी. नव्या तारेसोबत एक पांढरी डबी आली, तिची एक वायर माझ्या पाठीत खोचली. मी मात्र जुनाच राहिलो. त्या शुक्रवारी ताईंचा चेहरा असा वाहता दिसला की दामिनीने दोनदा पडद्याला हात लावून पाहिला. तीन आठवड्यांत रुपाने पहिल्यांदा अख्खं 'पाणी' म्हटलं. कुसुमबाईंनी तिला एकामागून एक चार पेले पाजले.

पण सुख येतं तिथे दृष्टही लागते म्हणतात. कापसाचे दिवस आले. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरतात. माझ्या खोलीत तो फळीच्याही वर चढला, वर्ग स्वयंपाकघरात गेला आणि मी ढिगामागे दिसेनासा झालो. कापूस भरतानाच माझ्यावर तंतू उडताना पाहून कुसुमबाई कळवळल्या. ज्यातून नातीचं बोलणं येतं त्याच्या नाकातोंडात कापूस जाईल, म्हणून त्यांनी ज्वारीच्या पिठाचा रिकामा स्टीलचा डबा माझ्यावर पालथा घातला आणि काम आटोपलं म्हणून विसरून गेल्या.

मित्रांनो, लोखंड-स्टीलमधून माझा आवाज पार होत नाही. मी आत ओरडत होतो, तापत होतो, आणि स्वयंपाकघरात ताई पुन्हा थिजत होत्या. रुपा पुन्हा 'पा' वर थांबू लागली. "ती मागे जातेय गं," ताई म्हणाल्या. दामिनीने पदर तोंडाशी धरला आणि ढिगाआड बसून रडली. सगळा दोष तिने नव्या कंपनीवर ठेवला आणि शेवटी मन घट्ट करून भगवानरावांनाच बोलावलं.

ते ऐटीत आले. "सांगतलं होतं नं? आता माह्याकडंबी सस्तं हाये. स्पीडबी वाढवला. काऊन नाही वाढवणार बाप्पा, गिऱ्हाईक पळून राह्यले!" जोडणी कुठे आहे ते बघायला ते गुडघ्यांवर ढीग चढले. डब्याच्या काठाखालून निघालेली वायर त्यांना दिसली. त्यांनी डबा उचलला आणि मला वारा लागला.

ते इतके हसले की अर्धा कापूस खाली आला. "वैनी! डब्यात पीठ ठेवतेत, नेट नाही! अन् कापसात गरम डबा? आग लागली असती घराले!"

"कापूस जाईन म्हनून झाकलं बाई म्या," कुसुमबाईंचा चेहरा उतरला.

"नव्या कंपनीची तार चांगली हाये," भगवानराव दामिनीला म्हणाले. "झूठ बोललो असतो तं गिऱ्हाईक भेटलं असतं आज. जाऊ दे. चाय पाज. अन् यानं कधी दगा दिला तं माहा नंबर हाये."

त्यांनीच मला स्वयंपाकघराच्या उघड्या फळीवर ठेवलं. दामिनीने चहात साखर जरा जास्तच घातली. मोकळा झालेला माणूस जसा घालतो तशी.

मित्रांनो, माया करताना समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवा. मला मऊ कापड नको, पालथा डबा नको. उघडी फळी आणि आठवड्यातून एकदा कोरडं फडकं, एवढ्यावर मी म्हातारपण काढीन.

परवाच्या मंगळवारी ताई चित्रं दाखवत होत्या. गाय काय म्हणते? रुपा म्हणाली, "हंबा." मांजर? "म्याऊ." कोंबडा? तिने मान उंच करून अख्खं आरवून दाखवलं. कुसुमबाई भाकरी थापायची थांबल्या. विचारलेल्याचं उत्तर रुपा आता देत होती. स्वतःहून तिने आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं.

तिची नजर खाली गेली. परातीपासून उंबऱ्यापर्यंत एक काळी रांग चालली होती. ती वाकली, मशीनचा कान जमिनीजवळ नेला, बराच वेळ तशीच राहिली. मग आईच्या पदराला धरून म्हणाली,

"आई, मुंगी काय म्हनते?"