नळी समोर

गणपतराव आले तेव्हा मी जुन्या टूथब्रशनं रणगाड्यावरचं मीठ घासत होतो.

"काय करून राहिले गा मधुभाऊ? दात घासून देऊन राहिले काय त्याचे?"

मी मान वर केली नाही. हात हलला असता.

रणगाडा प्लास्टिकचा, वीतभर लांब. अशी मॉडेलं माझी बायको सुहासिनी करायची. शाळेत चित्रकला शिकवायची, रिटायर झाल्यावर तिनं हे सुरू केलं. हा गणपतरावांचा. एकाहत्तरच्या लढाईत ते रणगाड्याचे ड्रायव्हर होते. तो रणगाडा जळाला. जळून उभा राहिलेला, तसाच त्यांना करून हवा होता. चार महिने ती तो घेऊन बसली. मग मार्चमध्ये एका सकाळी ती गेली. हार्ट अटॅक. मी रणगाड्यावर स्टीलचा डबा उपडा घातला आणि आठ महिने उचलला नाही.

आज उचलला, कारण पाच वाजता इंदुताई येणार होत्या. त्या दौलतच्या बहीण. दौलत त्याच रणगाड्यात तोफ चालवायचा, तो बाहेर आला नाही. मॉडेल गणपतराव त्यांना देणार होते. इंदुताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, भाची गुंजनला घेऊन हिंगणघाटहून निघाल्या होत्या. त्यांना जिथं बनवलं ती जागाही पाहायची होती, म्हणून सरळ आमच्याकडे हुडकेश्वरला येणार होत्या.

मी विद्युत मंडळात लाइनमन होतो. रंगाचं मला काही कळत नाही. पण तिची वही होती आणि पुढच्या कामाचं पान मी उघडून ठेवलं होतं. आधी गंजाचा रंग. तो ओला करून वर खडे मीठ भुरभुरायचं. वरून हिरवा मारायचा. वाळला की मीठ घासून काढायचं. खडा निघतो तिथला हिरवा रंग जातो आणि खालचा गंज उघडा पडतो. हिरवा रंग तिनं मारून ठेवला होता. घासायचं तेवढं राहिलं होतं. एकदा घासलं की तिचा रंग परत येणार नव्हता, म्हणून मी इतके दिवस हात लावला नव्हता.

खडे निघत गेले. रंग पापुद्र्यांनी सुटला. खाली लाल तपकिरी डाग दिसायला लागले, तिनं ठरवले होते तिथेच.

मग मी काळ्या रंगाची बाटली उघडली.

"हे काहून?" गणपतराव म्हणाले.

"जळालेला आहे ना?"

"लाइनमन माणूस तुम्ही, अन् असं बोलता? जळालेली डीपी पाहिली नाही काय कधी? भाकर नाही हे, काळी करायले."

पाहिली होती. दहा-बारा तरी. ट्रान्सफॉर्मर जळतो तेव्हा जिथं आग जास्त लागते तिथं काळं राहत नाही. रंग जळून पत्रा राखेसारखा पांढुरका होतो. काजळी फक्त कडेला असते. रात्री दव पडलं की सकाळी तोच पत्रा तांबडा झालेला असतो. हे मला माहीत होतं आणि तरी मी काळा घेऊन बसलो होतो. मी बाटली बंद केली. राखेचा रंग कालवला.

"आग कुठून लागली?"

"मागून. इंजिनातून." त्यांनी बोट दाखवलं. "हे सारं पांढरं. चाकाचं रबर जळून गेलतं."

मी लावत गेलो, ते सांगत गेले. चार वाजेपर्यंत मागचा भाग झाला. मग ते बोलायचे थांबले. मी वर पाहिलं. ते रणगाड्याकडे समोरून बघत होते, खुर्ची ओढून, अगदी जवळून.

"मधुभाऊ, नळी सरकते काय?"

"कोणती?"

"तोफेची. बाजूले घ्या लागते ती."

मला वाटलं मस्करी करतात. "चिकटवली आहे ती. वरचा पूर्ण भाग चिकटवला आहे. आता काही सरकत नाही."

"तोडा लागते मंग."

"तोडायची? तिनं केलेलं?"

"नळी समोर नव्हती."

मी ब्रश खाली ठेवला. "तुम्हीच तर सांगितलं होतं समोर म्हणून. माझ्यासमोर. याच खुर्चीत बसून."

"सांगतलं होतं."

"मग?"

"खोटं सांगतलं."

मला राग आला. असा राग मला आठ महिन्यांत आला नव्हता. "गणपतराव, ती चार महिने हे घेऊन बसली. एक पेटी डावीकडे की उजवीकडे, एवढं विचारायला तुम्हाला तीनदा फोन केला तिनं. तिच्या हातचं हे शेवटचं आहे. मी तोडणार नाही."

"तर मी ताईले सांगू कसा?"

"काय सांगायचं आहे?"

त्यांनी नळीखालच्या छोट्या झाकणावर नख ठेवलं. "हे माझं दार. ड्रायव्हरचं. नळी समोर असली का हे उघडत नाही, वर आदळते. गोळा लागला तवा नळी समोर होती. मी खालून ढकलून राहिलो, ते उघडेना. मागून आग. आमचे कमांडर साहेब वरून निघाले. दौलत त्यायच्या पुढ्यात बसे, त्यालेही निघता येत होतं. मी बोंबललो, दौलत्या, नळी हटव. करंट गेलता. नळी हटवाले हातानं चाक फिरवा लागते तवा. त्यानं फिरवलं. मले आवाज ऐकू येत होता चाकाचा. दार उघडलं, मी पडलो बाहीर. तो नाही आला."

मग म्हणाले, "मी ताईले सांगतलं, गोळा लागला अन् तो जागीच गेला, त्याले समजलंही नाही. चोपन्न वर्षं तेच सांगून राहिलो. दर भाऊबीजेले जेवतो मी तिच्या घरी."

मला त्यांची कीव आली, पण राग गेला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच काय सांगितलं होतं ते तिच्या अक्षरात त्यांना दाखवावं असं वाटलं. मी वहीची मागची पानं उलटली. या पानांकडे मी कधी गेलो नव्हतो, मला फक्त पुढच्या पायऱ्या हव्या होत्या. सापडलं. ती गणपतरावांना भाऊ म्हणायची. मी मोठ्यानं वाचलं. "नळी समोर. भाऊंनी दोनदा सांगितलं."

खाली आणखी एक ओळ होती, पेन्सिलीनं. ती मी मनात वाचली आणि वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन ती डोळ्यांजवळ धरली आणि ओळ वाचली.

"पण मग भाऊ बाहेर कसे आले? विचारणे."

"त्यायनं इचारलं नाही मले कधी," गणपतराव म्हणाले.

"वेळ मिळाला नसेल."

साडेचार वाजत आले होते. तिच्या खणात सुती मांजाचं रीळ होतं. पतंगाचा साधा मांजा. चिकटलेलं प्लास्टिक कापायला ती तोच वापरायची. काचेच्या धारेनं तो पातीपेक्षा सरळ जातो. मी हातभर तोडला, दोन्ही टोकांना काड्या बांधल्या आणि तोफेच्या भागाखालच्या फटीत घातला.

"धरा. घट्ट नका धरू. ओला आहे रंग मागचा."

त्यांनी दोन बोटांनी धरलं. मी मांजा मागेपुढे ओढू लागलो. पांढरा भुगा पडायला लागला. एक छोटा हूक तुटून उडाला. कुठं गेला दिसला नाही. मी थांबलो.

"जाऊ द्या, तो राहतच नाही जळाल्यावर," ते म्हणाले. खरं होतं की माझ्यासाठी म्हणाले, माहीत नाही.

पुढच्या बाजूला गोंद जास्त होता. मांजा अडला. जोर केला तर नळी मुळातून मोडली असती. मी मांजा काढला, नवा घेतला, दुसऱ्या बाजूनं घातला. पाचला दहा कमी असताना कट् असा आवाज झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा वरचा भाग त्यांच्या बोटांत होता, अख्खा. खाली कोऱ्या प्लास्टिकचं गोल कडं होतं. तिथं तिनं रंग दिला नव्हता.

मी कड्याला नवा गोंद लावला आणि वरचा भाग बसवला. "कुठपर्यंत?"

"उजवीकडं."

मी फिरवलं.

"अजून. अजून थोडं." ते वाकले. नळी त्या छोट्या झाकणावरून सरकली. "बस. एवढीच. एवढ्यातूनच निघालो मी."

मी नळी तिथं धरली. गोंद पकडेपर्यंत हात हलवायचा नव्हता, नाहीतर ती सरकून परत मधे आली असती. बाहेर ऑटो थांबला. फाटकाची कडी वाजली. बाईमाणसाचा आवाज आला, "इथंच होय ना वं गुंजन?"

गणपतराव माझ्याकडे पाहत होते. दर वेळी दार मीच उघडतो, माझं घर आहे.

"माझे हात गुंतलेत," मी म्हणालो. "तुम्ही उघडा."

ते उठले. शर्टाला हात पुसले. मग दाराकडे गेले.