डावीकडे वळलेलं हँडल

मी एक जुनी मोटारसायकल आहे. मित्रांनो, माझं दुःख गंजाचं नाही, हे आधीच सांगून टाकते.

करडी गावच्या इश्वरने मला नवीकोरी घरी आणलं आणि टाकीवर अशोकचक्र चिकटवलं. धानाची पोती, खताच्या बॅगा, सगळं मी वाहिलं. त्याची एकुलती एक पोर हर्षा मला रोज पुसायची.

"बाबा, कॉलेजले मीच चालवीन."

"आंधी पाय तर टेकू दे खाली, बुटके!" इश्वर चिडवायचा.

धानाची रोवणी चालू होती. शेताच्या बांधीतल्या चिखलात हर्षाच्या पायाला साप चावला. इश्वरने किक मारली. मध्ये हर्षा, मागे तिला धरून तिची आई तुळसा. फाट्यावरून उजवीकडे दवाखाना, डावीकडे मांत्रिकाचं गाव. तिथे शेजारचा नत्थू आडवा आला.

"इश्वर, तुहे विचार ठेव खुटीले! आंधी विष उतरव, मंग जाय दवाखान्यात."

"नाही जी, दवाखान्यातच चला!" तुळसा ओरडली.

इश्वर घाबरला. घरात बुद्धाचा फोटो, मंत्रतंत्र मानू नका म्हणून गावभर भाषणं, आणि पोरीच्या जिवावर आलं तेव्हा माझं हँडल डावीकडे! मला अजून राग येतो. त्याचा येतो, आणि माझाही. एरवी दहादा बंद पडणारी मी, त्या दिवशी मेली सुरळीत चालले.

मांत्रिक दोन तास कडुलिंबाचा पाला फिरवत राहिला. मग आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली आणि एवढंच विचारलं, "इतका उशीर काहून केला?"

हर्षा सतरा वर्षांची होती.

त्यानंतर तुळसा इश्वरशी बोलेना, माझ्याकडे बघेना. दोन वर्षं मी गोठ्यात धूळ खात पडले. मग एका बुद्धपौर्णिमेला तीच आली. म्हणाली, "पवनीच्या स्तूपावर न्या मले. रस्त्यानं बोलू नका."

इश्वरने मला बाहेर काढून किक मारली. तिथे वंदना संपली आणि तो उभा राहिला. "माही पोरगी सापानं नाही मेली. म्या मारली. दवाखाना सोडून मांत्रिकाकडं नेली."

"बस ना बाप्पा खाली! इथं कायले सांगतं?" कुणीतरी दटावलं.

"बोलू द्या त्यायले," तुळसा म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी एक गाव. विहार असो की पाराचा ओटा, इश्वर स्वतःची चूक जशीच्या तशी सांगतो. तुळसा शेजारी बसते. दुःख गेलं नाही. पण दोघं एका ताटात जेवू लागली.

परवा शहापूरला विनोद नावाचा माणूस बायकोला घेऊन पुढे आला. "काका, तुमचं ऐकलं होतं. हिले साप चावला तं सरळ दवाखान्यात नेलं."

तुळसाने त्या बाईच्या तोंडावरून हात फिरवला. परतताना मात्र तिने मला थांबवायला लावलं आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसली.

"ते वाचली जी. मंग माही काहून नाही वाचली?"

इश्वर तिच्या शेजारी मातीत बसला. मग तिने पदराने डोळे पुसले. "चला, हर्षाचे बाबा. पुढच्या रविवारी कोणतं गाव?"

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. भंगारात घातलं तरी तक्रार नाही. पण साप चावला तर कुणाच्या बापाचं ऐकू नका, दवाखाना गाठा. कुठल्याच आईबापावर असं गावोगाव रडत हिंडायची वेळ आणू नका.